सात बहिणींचा बांध

दिवाळी अंकातले प्रवासवर्णन म्हटले की वाचकाला थोडी परदेशाची हवा हवी असते. आमचे एक स्नेही जपानातले नारा पाहून आले. हे शहर ७१० साली जपानची राजधानी झाले. तिथे हजाराहून अधिक हरणे रस्त्यातून मोकळी हिंडतात आणि ७५२ साली नेत्रोन्मीलन झालेल्या महाबुद्धापुढे आजही हात जोडले जातात. हे ऐकून सौभाग्यवतींनी विचारले, "आपण कधी जायचे?" मराठीच्या प्राध्यापकाच्या खिशाला मानवेल असे एकच उत्तर होते. सुटी लागताच आम्ही उभयता नवेगावबांधला निघालो!

गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारी गाडी सौंदड मागे टाकते आणि खिडकीबाहेर धान आणि पाणी, पाणी आणि धान, एवढेच उरते. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. त्या तलावांत मानाचे पान नवेगावचे. सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलविस्तार, आणि भोवती डोंगर.

पाळीवर एक वृद्ध शेतकरी भेटले. "एवढा तलाव खोदला तरी कसा?" मी विचारले. ते हसून म्हणाले, "तलाव खोदत नाहीत जी, बांधतेत!" डोंगरांच्या मधल्या वाटा मातीच्या पाळीने अडवायच्या, मग पावसाचे पाणी आपोआप तुंबते. सारे शास्त्र त्या एका वाक्यात आले. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला असे सांगतात. भोवतीच्या सात शिखरांना सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलांना त्यांनीच हात दिला अशी श्रद्धा आहे. बांधणारा पुढे कोलासुर देव झाला. तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे. राजांची देवळे आपण पुष्कळ पाहिली; पाणी अडवणाऱ्याचे देऊळ किती जणांनी पाहिले असेल?

परिसरही पाहण्याजोगा आहे. १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले इथले जंगल २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते. ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचून यावे, म्हणजे पाखरे परकी वाटत नाहीत. प्रतापगडावर महादेव आणि पायथ्याशी दर्गा. महाशिवरात्रीच्या यात्रेला दोन्हीकडे गर्दी होते. इटियाडोह धरणाजवळ, गोठणगावच्या बाजूला, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. धानाच्या बांध्यांपलीकडे प्रार्थनेच्या रंगीत पताका फडफडताना पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "बुद्ध इथेही भेटला की!"

पण या सौंदर्याला एक काळजी चिकटलेली आहे. या भागात असे शेकडो जुने तलाव आहेत. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणू लागले. लोकांनी त्याचे ‘मामा तलाव’ करून टाकले. नाते लाडाचे, पण भाचे मामाला विसरले! पाळीची डागडुजी, गाळाची उपसणी ही पूर्वी गावाची कामे होती. पुढे ती कोणाचीच राहिली नाहीत. कित्येक तलावांत गाळ साचला, बेशरमीची झुडपे माजली.

त्याची झळ माणसालाच लागते असे नाही. जवळजवळ माणसाएवढा उंच, जोडीने राहणारा सारस क्रौंच महाराष्ट्रात आता मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे, आणि तोही मोजकाच. तो पावसाळ्यात घरटे घालतो ते कुणाच्या तरी धानाच्या बांधीत. शेतकऱ्याने थोडे पीक सोडले, तर पिल्लू जगते. नाराच्या हरणांना शहराने सांभाळले. आमच्या सारसाला एकेकटा शेतकरी सांभाळतो आहे.

वाचकहो, दिवाळी सरली की दूरदेशीची बदके इथे उतरू लागतात. तेव्हा मुलाबाळांना घेऊन या. त्यांना पाखरे दाखवा, पण आधी ती मातीची पाळ दाखवा. तिच्यावरून चालताना कोलू पाटलांची गोष्ट सांगा, आणि ताटातला भात कुठल्या पाण्यावर पिकतो तेही सांगा.