पावसाआधीची माती

परसातली माती नव्या हंगामासाठी सिद्ध करणे हे काम दिसायला लहान असले, तरी त्यात माणसाच्या श्रद्धेची परीक्षा होते. फूल दिसत नाही, फळ दिसत नाही, बीही अजून बरणीतच असते. तरीही वैशाखाच्या उन्हात कुदळ हाती घ्यावी लागते. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, जेथे एकेकाळी बहुतेक घरांमागे विहीर आणि केळीची वाडी असे, तेथे ही सवय बालपणापासूनच अंगवळणी पडत असे.

माती वीतभर खोल उकरावी आणि ढेकळे तशीच उन्हात तापू द्यावीत. हुमणीच्या अळ्या व किडींचे कोष उघडे पडतात आणि साळुंक्या त्यांचा समाचार घेतात. मग चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण म्हणजे हुमणीला आमंत्रणच. आपल्याकडे पाऊस कोसळतो, म्हणून वाफे वीतभर उंच हवेत आणि दोन वाफ्यांमध्ये पाणी वाहून जाण्यास चर हवा. गतवर्षी जेथे वांगी होती, तेथे यंदा वांगी, मिरची वा टोमॅटो लावू नयेत. मर रोगाचे जंतू मातीत दबा धरून राहतात. तेथे चवळी पेरावी. तिच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात.

पूर्वी ही सारी तयारी मृग नक्षत्रापर्यंत, म्हणजे ७-८ जूनपर्यंत, आटोपली तरी चालत असे. पण २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. तेव्हापासून मेच्या मध्यापर्यंत वाफे तयार ठेवण्याचा शिरस्ता आम्ही घातला आहे.

आई गेल्यानंतरचा हा पहिला हंगाम. तिने राखेत घोळवून ठेवलेल्या बियांच्या बरण्या फडताळात आहेत. कोणते बी कोणत्या साली धरले, हे मात्र बरण्यांवर लिहिलेले नाही. ते तिच्या स्मरणात असे. म्हणून प्रत्येक बरणीतल्या दहा-दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. आठवड्याभरानंतर दोडक्याच्या आठ बियांना मोड आले होते. भेंडीची एकही बी जागी झाली नाही. लांब, पांढुरक्या पट्ट्यांच्या पडवळाच्या तीन उगवल्या, आणि त्या बरणीत तेवढ्या दहाच होत्या. बाजारात पडवळाचे बी मिळेल. आईच्या मांडवावरचे मिळणार नाही.

याच सुमारास धाकट्या भावाने परसात फरशी घालण्याचा विषय काढला. गाडी रस्त्यावर उभी करावी लागते, पावसाळ्यात चिखल घरात येतो, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. मी त्याला एवढेच म्हटले, “अरे, जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी साचून राहिले, तेव्हा जमिनीने पाणी प्यायचे असते हे सर्वांना आठवले होते. विहिरीभोवतीची माती झाकली, तर पाऊस रस्त्यावर जाईल आणि उन्हाळ्यात विहीर आपल्याला विचारणार नाही.” तो बराच वेळ गप्प होता. शेवटी गाडीपुरती जागा दाराजवळ ठरली आणि विहिरीकडचा पट्टा मातीचाच राहिला. मांडवाचे बांबू त्यानेच आणून रोवले.

पडवळाचे तीन मोड आम्ही त्या मांडवाच्या पायथ्याशी लावले आहेत. वेल धरलाच, तर पहिली पडवळे कोणी तोडायची नाहीत, शेंड्याला दगड बांधून सरळही करायची नाहीत, असे घरात ठरले आहे. ती वेलावरच पिकून लाल होऊ द्यायची. त्यांचे बी धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळवून बरणीत भरायचे. आणि या वेळी झाकणावर साल लिहायचे.