जावईबापू आणि भुऱ्या

‘तो काही करत नाही हो!’ जगातल्या तमाम कुत्रेवाल्यांचं हे लाडकं वाक्य. कुत्रा आपल्या छातीवर दोन पाय ठेवून उभा असतो, आपला श्वास अडकलेला असतो आणि मालक सोफ्यावर बसून हसत हसत सांगत असतो, काही करत नाही! अरे, मग हे जे करतोय त्याचं काय?

मी कुत्र्यांना घाबरतो. ‘आवडत नाहीत’ वगैरे नाही, चक्क घाबरतो. ऑफिसच्या गेटवर एखादा झोपलेला असला तरी मी पार्किंगच्या रॅम्पवरून आत जातो. आणि लग्न कुणाशी केलं? तर जिच्याकडे भुऱ्या नावाचा दणकट गावठी कुत्रा आहे, तिच्याशी! त्यात सासुरवाडी आरमोरीची. नागपूरहून एसटी उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वैनगंगेचा पूल ओलांडते आणि गडचिरोली जिल्हा सुरू होतो, ते आरमोरी. ज्या भागातली माणसं वाघाचा वावर असलेल्या जंगलात पहाटे मोहफुलं वेचायला जातात, तिथला जावई कुत्रा दिसला की खुर्चीवर पाय वर घेऊन बसतो. काय इज्जत राहिली असेल, विचार करा.

भीतीला कारण आहे. 2002 साली, मी आठ वर्षांचा असताना गल्लीतला कुत्रा पोटरीला चावला. चावा मी विसरलो असतो, पण पोटातली इंजेक्शनं? रोज एक, सलग दहा दिवस. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची आणि तिचा फॉर्म्युला होता 1911 चा, कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी शोधलेला. 2004 च्या अखेरीस आपल्याकडे ती बनवणं बंद झालं. आता दंडावर मोजके डोस घ्यावे लागतात, बस्स. म्हणजे पोटात सुया टोचून घेतलेल्या शेवटच्या बॅचमधला मी! आजच्या पोरांना हे सांगितलं की त्यांना मी पहिल्या महायुद्धातून परत आलोय असं वाटतं.

बायको आरमोरीला बँकेत, माहेरीच राहते. मी नागपुरात. म्हणजे आमचं लग्न शुक्रवारी रात्री सुरू होतं आणि सोमवारी पहाटे थांबतं. पहिल्या पावसाळ्यात मी तिकडे दोनदाच गेलो, बाकी सगळे वीकेंड तीच आली. चार-चार तासांचा प्रवास, भिजलेली सॅक, सोमवारी पुन्हा काउंटर. एका रविवारी ती शांतपणे म्हणाली, “मी लग्न तुझ्याशी केलंय, एसटीशी नाही.” भांडण झालं असतं तर बरं, इतकी ती शांत होती.

मी म्हटलं, येतो. पण मी असेपर्यंत त्याला बाहेर बांधा.

यावर सासरे म्हणाले, “बाहेर बांदला त बिबट नेते ना, जवाईबापू.”

त्यांचं घर गावाच्या कडेला, मागे धानाच्या बांध्या आणि पलीकडे झुडपी जंगल. बिबट्यासाठी बांधलेला कुत्रा म्हणजे ताटात वाढून ठेवलेलं जेवण. त्यामुळे अंधार पडला की भुऱ्या घरात, हा त्या घरचा नियम माझ्या आधीपासूनचा. आपल्या शहरी सोल्यूशन्सचं हे असंच असतं, इथे चालतं ते तिथे कुणाच्या तरी जिवावर बेततं. दिवसा बाहेर आणि रात्री मधल्या दाराच्या पलीकडे, यावर डील झालं. वर माझी एक अट : लसीकरणाच्या कार्डाचा फोटो माझ्या फोनमध्ये हवा. तोही मिळाला.

नागपुरात एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेलो. त्यांचा फंडा सोपा होता. धाडस दाखवायचं नाही, पायऱ्या करायच्या. त्यांनी अल्बर्ट बंडुरांच्या 1967 च्या प्रयोगाबद्दल सांगितलं. कुत्र्यांना घाबरणाऱ्या छोट्या मुलांना त्यांच्याच वयाचं एक पोर कुत्र्याशी हळूहळू कसं खेळतं ते नुसतं दाखवलं, आणि त्यातली बरीच मुलं नंतर स्वतः कुत्र्याजवळ गेली. म्हणजे नुसतं बघणं हासुद्धा इलाज असतो! हे मला फारच पसंत पडलं.

मग आरमोरीच्या अंगणात आमचे ‘क्लासेस’ सुरू झाले. भुऱ्या दोरीला, दोरी बायकोच्या हातात, मी पंधरा पावलांवर खुर्चीत चहा घेऊन. पुढच्या वेळी बारा पावलं. सासूबाई मधूनच डोकावून “अजून तेतेच बसले का?” विचारायच्या.

पण खरा फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. बायकोने ‘काही करत नाही’ म्हणणं कायमचं सोडलं. त्याऐवजी ती कॉमेंट्री करू लागली. “आता तो उठेल. अंग ताणेल. पाण्याकडे जाईल, तुझ्याकडे नाही.” आणि तस्संच व्हायचं! मला कुत्र्याची जेवढी भीती वाटते त्याहून जास्त तो ‘अचानक’ काहीतरी करेल याची वाटते, हे मला तिच्या कॉमेंट्रीमुळे कळलं. तिने त्याची भाषाही शिकवली. तोंड फिरवणं, उगाच जांभई देणं, ओठ चाटणं म्हणजे तोच अस्वस्थ आहे. शेपूट हलतेय म्हणजे खूशच आहे, असं नाही. अंग ताठ करून टक लावली तर मात्र आपण नजर वळवून हळूच बाजूला व्हायचं, पळायचं नाही. दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, मी खुर्चीत बसलो की भुऱ्या जांभया देतो. म्हणजे टेन्शन दोन्ही पार्ट्यांना होतं.

डिसेंबरात सगळे नाटकाला गेले. धान निघालं की झाडीपट्टीत रात्र-रात्रभर नाटकं रंगतात. मला सर्दी-ताप, म्हणून मी घरी. मधलं दार ओढून घेतलेलं, पण त्याची कडी जुनी. रात्री दोनच्या सुमाराला ते ढकललं गेलं आणि भुऱ्या माझ्या खोलीत. मागच्या दाराकडे तोंड, मानेवरचे केस उभे, गुरगुर इतकी हलकी की जमिनीतून येतेय असं वाटावं. कॉमेंट्री करायला कुणी नव्हतं. मी मनातल्या मनात स्वतःच सुरू केली : तो माझ्याकडे बघत नाहीये. तो बाहेरच्यासाठी आहे. मग तो मागे सरकत सरकत आला आणि माझ्या पायाला पाठ लावून बसला. मी पाय काढला नाही. प्रेम वगैरे नाही, हलायची हिंमत नव्हती. बाहेर बिबट होता की रानडुक्कर, कोण जाणे. पहाटे घरचे परतले तेव्हा आम्ही दोघे तसेच बसलेलो.

यानंतर आमची गट्टी जमली असं समजू नका. मी त्याला आजतागायत स्वतःहून हात लावलेला नाही. खांद्यावर पंजे टाकून सेल्फी काढणारी जमात वेगळी, आपली वेगळी. फक्त आता शुक्रवारची एसटी मी पकडतो.

आणि आता बायकोची नागपूरला बदली होतेय. भुऱ्याही येणार, हे कुणी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, बिबट्याचा प्रश्न नाही. हॉल आणि बेडरूमच्या मधे कमरेइतकं फाटक बसवायला सुताराला सांगून ठेवलंय. कडी माझ्या बाजूने.