मनमाडचा ड्रम आणि माइकचे कान

बालमित्रांनो, तुम्ही मनमाडला गेला आहात का? नसाल गेला, पण मनमाडवरून नक्की गेला असाल! एक मार्ग मुंबईहून येऊन पुढे भुसावळकडे जातो, दुसरा खाली दौंडकडे, तिसरा छत्रपती संभाजीनगरवरून नांदेडकडे. त्यामुळे मुंबईपासून सुमारे २६० किलोमीटरवरच्या या गावात लोक येतात ते बहुधा गाडी बदलायला. मी मात्र गेल्या जानेवारीत खास मनमाडलाच गेले. माझी धाकटी बहीण तिथे राहते आणि भाचीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं.

नाशिकरोडला सकाळची गाडी पकडली. निफाडपर्यंत द्राक्षबागा, लासलगावला कांद्याचा वास, आणि मग मोकळं माळरान. मनमाड जवळ आलं की डोंगरावर एक सुळका दिसतो. थेट उभ्या अंगठ्यासारखा! त्याचं नाव हडबीची शेंडी. मुलं त्याला 'थम्स अप' म्हणतात. दक्षिणेला अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले.

स्टेशनवर उतरलं की आधी कानच जागे होतात. इंजिनांचे भोंगे, घोषणा, चहावाल्यांच्या आरोळ्या! रेल्वेच्या पुलांचे लोखंडी गर्डर बनवणारा मोठा कारखानाही इथेच आहे. बहीण म्हणते, "ताई, आमच्याकडे मुलं रडायच्या आधी ओरडायला शिकतात!"

पण भाची मात्र अगदी हळू बोलणारी. सहावीत आहे, आवाज गोड. मागच्या वर्षी संमेलनात ती गायली, तेव्हा मागे ड्रमसेट दणदणत होता. तिचा एक शब्द कुणाला ऐकू आला नाही. मागून पोरं ओरडू लागली, "आवाज! आवाज!" ती रडतच खाली उतरली. यंदा बाईंनी समजावून नाव घातलं होतं खरं, पण मी घरात पाऊल ठेवलं आणि तिने माझा पदर धरला. "मावशी, माझं पोट दुखतंय."

ते दुखणं कसलं, हे मला लगेच कळलं. मी म्हटलं, "गाऊ नकोस हवं तर. पण तयारी बघायला तर चल!"

दुपारी तीनला साउंडवाले दादा टेम्पोतून सामान घेऊन सभागृहात आले. वाजवणारा मुलगा ड्रमसेट जुळवत होता. जमिनीवर आडवा ठेवलेला, पायाने वाजवायचा मोठा बेस ड्रम. दोन पायांच्या मधे स्नेअर, म्हणजे आपल्या ताशाचा लांबचा भाऊ. याच्या खालच्या बाजूला तारा असतात, म्हणून तो 'खर्र' वाजतो. वर टॉम, बाजूला झांजा. पूर्वी यातलं एकेक वाद्य वेगळा माणूस वाजवायचा. पुढे अमेरिकेत १९०९ च्या सुमारास लुडविग यांनी पायाने वाजवायचं चांगलं पेडल तयार केलं आणि एकाच माणसाला सगळं सांभाळणं सोपं झालं.

दादांनी माइक लगेच लावले नाहीत. एका कानावर हात ठेवून, दुसरा कान पुढे करून ते ड्रमभोवती फिरू लागले. मुलं हसली. दादा म्हणाले, "हसू नका रे. माइक म्हणजे एकच कान. त्याला काय ऐकू येणार, ते आधी आपण एका कानाने ऐकून बघायचं."

मग काय, सगळी मुलं एकेक कान झाकून फिरू लागली! भाचीसुद्धा.

बेस ड्रमच्या पुढच्या कातड्याला हाताएवढं भोक होतं. तिथे बुटक्या स्टँडवर एक माइक बसला. आत सरकवला तर आवाज 'टक्', बाहेर ओढला तर 'धुम्म'. स्नेअरच्या काठापासून दोन बोटं वर दुसरा, तिरका, तोंड कातड्याच्या मध्याकडे. तो काठीच्या वाटेत येता कामा नये, नाहीतर फटका माइकलाच! हा शुअर कंपनीचा एसएम ५७. १९६५ साली निघालेलं हे मॉडेल आजही जगभर स्नेअरसमोर दिसतं. टॉमच्या कडांना चिमटे लावून छोटे माइक अडकवले. झांजांसाठी उंच स्टँडवर दोन. या दोघांचं स्नेअरपासूनचं अंतर दादांनी चक्क सुतळीने मोजून सारखं केलं.

"सुतळी कशाला, काका?"

"आवाजाला पोचायला वेळ लागतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे फूटभर. एका माइकला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचला, तर दोन्हीकडच्या लाटा एकमेकींना खोडू शकतात. झोका एकाने पुढे ढकलला आणि त्याच वेळी दुसऱ्याने मागे ओढला, तर हलेल का?"

आता गाण्याची पाळी. मी भाचीकडे पाहिलं. ती घाबरत घाबरत उभी राहिली. ड्रम सुरू झाला आणि तिचा आवाज गायब!

"काका, तिचा माइक वाढवा ना!" एक मुलगा ओरडला. दादांनी बटण फिरवलं. कर्कश्श शिट्टी वाजली. कर्ण्यातला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला आणि गोल गोल फिरू लागला होता. भाचीचे डोळे भरून आले.

दादा स्टेजवर चढले आणि तिच्याशेजारी उकिडवे बसले. "बेटा, तुझा आवाज लहान नाही. आमची मांडणीच चुकली." मग मुलांना म्हणाले, "हा माइक समोरचं नीट ऐकतो, पाठीमागचं फार कमी. हिचं तोंड लोकांकडे, म्हणजे माइकचं तोंड हिच्याकडे. आणि हिच्या पाठीमागे कोण?"

"ड्रम!"

"म्हणजे माइक हिच्याबरोबर ड्रमही ऐकतोय. वाढवला की दोघंही वाढतात!"

मित्रांनो, ड्रम मधोमध मागे ठेवला की शोभा दिसते, पण गाणाऱ्याचं नुकसान होतं. तो सरकवून डाव्या बाजूला पुढे आणला, खाली सतरंजी टाकली. भाचीला उजवीकडे, जराशी ड्रमच्या दिशेला वळवून उभं केलं. आता माइकची पाठ ड्रमकडे झाली आणि तिला वाजवणाऱ्याचे हातही दिसू लागले. माइक ओठांपासून चार बोटांवर. "जाळी मुठीत धरू नकोस, त्याने शिट्टी वाजते," दादांनी बजावलं.

मग त्यांनी काय केलं असेल? मेहनतीने लावलेले ड्रमचे माइक एकेक करून बंद केले! झांजांचे, टॉमचे, स्नेअरचाही. चालू राहिला फक्त बेस ड्रमचा. एवढ्याशा सभागृहात बाकीचा ड्रम माइकशिवायच सगळ्यांना ऐकू येत होता. वाजवणारा मुलगा जरा हिरमुसला. पण भाचीचं पहिलं कडवं ऐकलं, आणि त्याने आपणहून हात हलका केला.

मला मुंबईच्या जुन्या स्टुडिओंबद्दल वाचलेलं आठवलं. महालक्ष्मीचा फेमस, ताडदेवचा फिल्म सेंटर. तिथे गायक आणि सगळे वादक एकाच वेळी गात-वाजवत. माइक मोजके. मग बासरीवाल्याला माइकजवळ बसवायचं आणि जोरकस वाद्याला लांब. कुणाला कुठे बसवलं, यातच अर्धं काम असे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाजाचा जोर चौथाईवर येतो ना!

संध्याकाळी मी मुद्दाम शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले. भाची गाऊ लागली. शब्द न् शब्द ऐकू येत होता. दुसऱ्या कडव्यात मालगाडीने लांबलचक भोंगा दिला. माझ्या छातीत धस्स झालं. पण तिने ड्रमवाल्याकडे पाहिलं, तो चार ठेके तसाच वाजवत राहिला, भोंगा सरला आणि तिने ओळ उचलली. टाळ्या पडल्या त्या गाण्याला की त्या थांबण्याला, देव जाणे!

तुम्हीही एक गंमत करा. घरातला पत्र्याचा डबा उपडा करून ठेवा. एकाने तो वाजवायचा, एकाने गायचं. आई-बाबांचा मोबाइल मागून घ्या आणि तो तीन जागी ठेवून रेकॉर्ड करा: डब्याजवळ, गाणाऱ्याजवळ, दोघांपासून लांब. मग ऐका. गाणं तेच, पण तिन्ही वेळा निराळं! आणि हो, संमेलनात, मिरवणुकीत कर्ण्याला चिकटून उभे राहू नका. कान बिघडले तर दुरुस्त होत नाहीत.

सोमवारी मी माझ्या चौथीच्या वर्गात गेले. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा काहीतरी सांगत होता. नेहमी मी त्याला "मोठ्याने बोल!" म्हणते. त्या दिवशी मीच त्याच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिले. त्याचं उत्तर बरोबर होतं.