साक्षी

श्रावणातील एका सोमवारी कुलदैवताचे दर्शन घेऊन आम्ही गोव्याहून बेळगावास परतत होतो. चोर्ल्याचा घाट चढू लागताच आमच्या डिझेल गाडीचा दम एकाएकी सरला. समोर पिवळा दिवा लागला आणि पाय कितीही दाबला तरी गाडी बैलगाडीच्या चालीने रखडू लागली. मागे प्रसादाची परडी मांडीवर घेऊन वृद्ध मातोश्री बसल्या होत्या. अखेर गाडी वळवून आम्ही साखळीस उतरलो.

माझ्या संतापास कारण होते. महिन्यापूर्वी हाच दिवा लागला असता एका कारागिराने टर्बोचा दाब मोजणारा सेन्सर सदोष ठरवून नवा बसवला होता. "आता हाही बिघडला," असे मी साखळीच्या तरुण मेकॅनिकास सांगितले. तो काही बोलला नाही.

टर्बोची रचना मोठी युक्तीची आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराने एक चाक फिरते, आणि त्याच दांड्यावरील दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. त्या हवेचा दाब सांगणारा सेन्सर जेमतेम अंगठ्याएवढा. आतील पातळ पडदा दाबाने किंचित वाकतो, आणि ते वाकणे विजेच्या संकेताने गाडीच्या संगणकास कळते. दाब उणा आहे असे कळताच संगणक डिझेल देताना हात आखडता घेतो.

मेकॅनिकाने इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली व आपले यंत्र जोडले. इंजिन बंद असता नळीत बाहेरचीच हवा असते. तेव्हा सेन्सरने वातावरणाचाच दाब सांगावयास हवा. समुद्रसपाटीजवळ तो सुमारे १०० किलोपास्कल, तर बेळगावच्या उंचीवर ९२-९३. पडद्यावर १०० उमटले. मग सेन्सरच्या तारेवर ५ व्होल्ट नीट येतात, हेही त्याने पाहिले.

"बाब, हो फट उलयना," तो म्हणाला. हा खोटे बोलत नाही!

नंतर त्याने टर्बोकडून निघणारी रबरी नळी चाचपली. खालच्या अंगास तेलाचा ओशट डाग होता. नळी वाकवताच तेथे बोटभर चीर उघडली. गाडी उभी असता मिटलेली, चढावर दाब वाढताच उघडणारी! जुना सेन्सरही खरेच सांगत होता. आम्ही चीर शोधली नाही, साक्षीदार बदलला.

घाट पुन्हा सुखाने चढताना मी मात्र अस्वस्थ होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या लहानशा देवस्थानाच्या समितीवर मी असताना जमाखर्च लिहिणाऱ्या एका तरुणाने नम्रपणे सांगितले होते, "जितके तेल विकत येते, तितके समयांत जळत नाही." आम्हां वडीलधाऱ्यांस ते उद्धटपणाचे वाटले. दोन महिन्यांत त्याच्या जागी दुसरा आला. नव्याने तेलाविषयी कधी अवाक्षर काढले नाही, आणि कारभार सुरळीत झाला असे आम्ही मानले. त्या ठरावावर माझीही सही आहे.

गाडीचा नवा सेन्सर निदान पुन्हा तेच बोलला. माणूस मात्र गप्प राहण्यास शिकतो.

बेळगावास पोचल्यावर मातोश्रींनी प्रसादाचे वाटे केले. त्यांतील एक घेऊन मी दुसऱ्या दिवशी त्या तरुणाच्या घरी गेलो. त्याने आदराने बसवले, चहा दिला. जुन्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. शेवटी मीच म्हणालो, "तू सांगितलेस ते आम्ही तपासले नाही. चूक आमची." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काका, वह्या अजून तेथेच असतील."

पुढच्या सभेपुढे त्या वह्या ठेवाव्यात, असे पत्र मी समितीस लिहिले आहे.