घर हलवितांना

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' अशी म्हण आमच्या वाडवडिलांनीं करून ठेविली. परंतु घर हलवून पाहण्याचा अनुभव त्यांनीं तींत कां घातला नाहीं, याचें मला राहून राहून आश्चर्य वाटतें. कदाचित् जन्मभर एकाच वाड्यांत नांदणाऱ्यांस तो प्रसंगच आला नसेल.

गिरगांवांतील चाळींतून पळस्पे येथें आमचें बिऱ्हाड आलें, तें २०२३ सालच्या एप्रिलांत. चाळ पाडून तेथें नवी इमारत उठावयाची होती, आणि दोघां भावांस तर वेगळें राहावयाचें नव्हतें. म्हणून पनवेलच्या पुढें, जेथें पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याचा रस्ता एकमेकांचा निरोप घेतात त्या फाट्याजवळ, शेजारशेजारच्या दोन जागा घेतल्या. घरांत लहानमोठीं नऊ माणसें. त्यांत सर्वांत वडील आमच्या सासूबाई, माई. वय चौऱ्याऐंशी, आणि चाळींतील त्या दोन खोल्यांत त्यांचीं एकसष्ट वर्षें गेलेलीं.

फेब्रुवारींतच एका रविवारीं जेवणें आटोपल्यावर आम्ही सारीं बसलों आणि दिवस ठरविला. त्या वर्षीं आषाढी एकादशी २९ जूनला होती, आणि अधिक श्रावण आल्यामुळें चातुर्मास चारांऐवजीं पांच महिन्यांचा होता. जूनमध्यें पाऊस आणि मुलांच्या शाळा. तेव्हां अक्षय्य तृतीया, २२ एप्रिल, हा दिवस सर्वांस पसंत पडला.

कामाची वांटणी मजकडे आली. मीं एक वही घातली आणि आठवड्यास एकच कपाट उघडावयाचें असा नेम केला. प्रत्येक वस्तूस चारांपैकीं एका ढिगांत जागा: न्यावयाचें, द्यावयाचें, विकावयाचें आणि माईंना विचारावयाचें. पुस्तकें लहान खोक्यांत, कपडे मोठ्या खोक्यांत. कारण पुस्तकांनीं भरलेलें मोठें खोकें दोघांसही उचलत नाहीं. कांचेचीं भांडीं जुन्या लुगड्यांत गुंडाळलीं. प्रत्येक खोक्याच्या दोन बाजूंस आंकडा घातला, आणि आंत काय आहे व तें नव्या घरीं कोणत्या खोलींत उतरावयाचें हें वहींत लिहिलें. मार्चपासून वाणसामान भरणें बंद करून डबे रिकामे करीत आणले. औषधें, चष्मे, घराचे कागद आणि पहिल्या चहाचें साहित्य एवढें मात्र एका हातपिशवींत, जी शेवटपर्यंत मजजवळच राहावयाची होती.

इतकें झाल्यावर टेंपोवाल्यास तारीख सांगितली, तर तो संकोचून म्हणाला, "वहिनी, त्या दिवशीं बहुधा ईद आहे." घरांत चर्चा सुरू झाली. भावोजी म्हणाले दुसरी गाडी पाहूं. हे म्हणाले मुहूर्तच पुढें ढकलूं. माई वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, त्याचा सण मोडून आपला मुहूर्त कशाला साधायचा? शनिवारीं देव आणि दिवा नेऊं. बोचकीं सोमवारीं येतील. सामानाला कुठें मुहूर्त लागतो?"

आमच्या सगळ्या योजनेंत हाच विचार सर्वांत शहाणपणाचा ठरला. शनिवारीं देव, समई, पाण्याचा तांब्या आणि दुधाचें पातेलें एवढेंच घेऊन आम्ही पळस्प्यास गेलों, दूध उतूं घातलें आणि परतलों. रविवारीं जाऊबाई आणि मी पुन्हां जाऊन झाडलोट केली, माईंची खोली मांडली. सोमवारीं पहांटे पांचास सामान भरावयास घेतलें. कारण ऊन्ह फार होतें. आठच दिवसांपूर्वीं, १६ एप्रिलला, खारघरच्या मैदानावर भर उन्हांतील समारंभास गेलेल्या चौदा जणांचा उष्माघातानें अंत झाला होता. हमालांस सावली आणि ताक मिळावें, हेंही योजनेंतच मोडतें. दुपारपूर्वीं शेवटचें खोकें आपापल्या खोलींत पोंचलें, आणि मला माझ्या वहीचा थोडा अभिमानच वाटला.

तो त्याच रात्रीं उतरला. दोनच्या सुमारास कांहीं तरी पडल्याचा आवाज झाला. माई उठून चाळींतल्या मोरीच्या दिशेनें निघाल्या होत्या. तेथें आतां भिंत होती. हाड मोडलें नाहीं, ही देवाची कृपा. पण जमिनीवर बसून त्या मला विचारीत होत्या, "अगं, आपलें घर कुठें गेलें?" या प्रश्नास वहींत उत्तर नव्हतें.

चूक माझी होती. माईंचा जुना शिसवी पलंग मीं त्यांस न विचारतां विकावयाच्या ढिगांत टाकला होता. नवी खोली नीटनेटकी दिसावी म्हणून नवी खाट घेतली आणि ती खिडकीखालीं मांडली. चवथा ढीग मीं केला खरा. परंतु ज्या वस्तूविषयीं विचारावयास हवें होतें, तीच त्यांत घातली नाहीं.

होम्स आणि राहे या दोन अमेरिकन मानसवैद्यांनीं १९६७ सालीं आयुष्यांतील ४३ घडामोडींची एक यादी करून त्यांचा मनावरील भार मोजला. त्यांत जोडीदाराच्या मृत्यूस १०० गुण आहेत, आणि घर बदलण्यास अवघे २०. तरुणांच्या बाबतींत तें खरेंही असेल. पण एकसष्ट वर्षें अंधारांतही पाय ज्या वाटेनें आपोआप गेले, ती वाटच नाहींशी झाली, तर त्यास किती गुण द्यावेत?

दुसऱ्या दिवशीं आम्हीं खोली पुन्हां मांडली. चाळींत होती तशी भिंत डाव्या हातास, उजवीकडे पाण्याचा तांब्या, डोळ्यांसमोर तेंच जुनें घड्याळ, आणि खाटेवरून उठल्यावर न्हाणीघर त्याच बाजूस येईल अशी दिशा. रात्रभर एक मंद दिवा. आठ-दहा दिवसांत माईंचें रात्रीं चांचपडणें थांबलें. पलंग मात्र परत मिळाला नाहीं. माईंनीं त्याविषयीं एक शब्दही काढला नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें.

त्या वर्षीं मुंबईकडे पावसानें २५ जूनपर्यंत वाट पाहावयास लाविली. पहिल्या सरीं आल्या तेव्हां माई खिडकीशीं बसून गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या पाहत होत्या. मी चहा घेऊन गेलें, तशा म्हणाल्या, "हाच ना गं पेणचा रस्ता? लग्न होऊन गेलें ती आतां कुठें माहेरच्या वाटेवर येऊन बसलें."

वाचक भगिनींनो, घर हलवितांना वही अवश्य करा, खोक्यांवर आंकडे घाला, दिवस उन्हापावसाचा विचार करून ठरवा. परंतु घरांतील वडील माणसाची खोली सर्वांआधीं मांडा, आणि ती आपल्या डोळ्यांस नव्हे, तर त्यांच्या पायांस विचारून मांडा.