पक्षपाती म्हणजे नेमकं कोण?

हल्ली कुठल्याही बातमीवर वाद सुरू झाला की दोन मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, "तो चॅनल पक्षपाती आहे!" झालं, वाद संपला. बातमी खरी की खोटी हे राहूनच जातं. आमच्या घरच्या ग्रुपवर तर हे रोजचंच. अशा वेळी मला १९५६ सालचं सुएझ आठवतं. (वाचलेलं हो, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता!)

जुलै १९५६ मध्ये इजिप्तच्या नासरनी सुएझ कालव्याच्या कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं. एकेक वसाहत हातातून निसटत चाललेल्या ब्रिटनला ते फार झोंबलं. ऑक्टोबरअखेर इस्राएलनं इजिप्तवर हल्ला केला आणि पाठोपाठ ब्रिटन-फ्रान्सची विमानं बॉम्ब टाकू लागली. ३ नोव्हेंबरला पंतप्रधान ईडन यांनी टीव्हीवरून आपली बाजू मांडली. विरोधी पक्षनेते गेट्सकेल म्हणाले, मलाही उत्तर द्यायचंय. सैन्य लढाईच्या तोंडावर असताना असलं काही सरकारला नकोच होतं. तरीही बीबीसीनं दुसऱ्याच दिवशी त्यांना वेळ दिला.

सरकारची तक्रार एवढ्यावरच नव्हती. ब्रिटिश वर्तमानपत्रांतली सरकारवरची टीका बीबीसी परदेशी श्रोत्यांनाही ऐकवत होती. मग परदेशी प्रसारणावर लक्ष ठेवायला परराष्ट्र खात्याचा एक अधिकारी बसवला गेला, अनुदान कापायची भाषा झाली.

बरं, बीबीसी काही बंडखोर नव्हती. संसदेत येत्या १४ दिवसांत चर्चेला येणाऱ्या विषयावर बोलायचं नाही, हा नियम ती वर्षानुवर्षं पाळत आली होती. तिचे अध्यक्ष कॅडोगन तर चक्क सुएझ कालवा कंपनीचे संचालकही होते! एवढ्या 'घरच्या' माणसांनी फक्त दुसरी बाजू ऐकवली, तर तोही पक्षपात ठरला.

आणि लपवाछपवी कोण करत होतं? २४ ऑक्टोबरलाच फ्रान्समधल्या सेव्र इथे इस्राएल, फ्रान्स आणि ब्रिटन यांचा गुप्त करार झाला होता. इस्राएल हल्ला करणार हे आधी ठाऊक नव्हतं, असं ईडन यांनी २० डिसेंबरला संसदेत सांगितलं. ते साफ खोटं होतं.

आता आपल्याकडे या. १९७० मध्ये लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाची भारतावरची मालिका बीबीसीनं दाखवली. गरिबीच गरिबी दाखवली म्हणून भारत सरकारनं आक्षेप घेतला, बीबीसी ऐकेना, तेव्हा तिचं दिल्लीतलं ऑफिस बंद करायला लावलं. दीडशे वर्षं ज्यांनी राज्य केलं त्यांच्याच पडद्यावर आपलं दारिद्र्य बघताना जीव दुखणारच. ते दुखणं खरं होतं. पण ती गरिबीही खरीच होती ना? ऑफिसला टाळं लावून ती कमी झाली नाही.

म्हणून मी आता स्वतःला एक सवय लावतोय. कोणी 'पक्षपाती' म्हटलं की विचारायचं, यातलं नेमकं कुठलं वाक्य खोटं आहे? काय वगळलंय? उत्तर मिळालं तर तक्रार रास्त. नुसताच आवाज चढला, तर तक्रार करणाऱ्याकडे जरा निरखून बघायचं. मग ते सरकार साहेबाचं असो, आपलं असो, किंवा आपण मत दिलेलं असो.

शेवटचं सगळ्यात अवघड आहे. असो. तुम्हाला काय वाटतं?