हनुवटीवरचे काळे दाणे

मांजराच्या हनुवटीवर काळे दाणे दिसले की मी आधी ओला पांढरा कापूस घेते. दाणे विंचरून त्यावर ठेवायचे. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची घाण, म्हणजे पचलेलं रक्त. काळं ते काळंच राहिलं तर बहुधा मुरमं. केसही गळत असतील तर मात्र बुरशी किंवा त्वचेतले किडे तपासल्याशिवाय मी औषध लिहीत नाही.

हनुवटीवर तेलग्रंथी दाट असतात. दाराच्या चौकटीला, आपल्या पोटरीला हनुवटी घासून मांजर आपला हक्क सांगतं, ते याच ग्रंथींच्या वासाने. हे तेल आणि मेलेल्या पेशी केसाच्या मुळाशी साचल्या की त्या छिद्राचं तोंड बुजतं आणि वरून काळं पडतं. काहींच्यातच ते का साचतं, याचं एक ठाम कारण हाती आलेलं नाही. संशय प्लास्टिकच्या भांड्यावर आहे, कारण त्याच्या ओरखड्यांत जंतू टिकतात. पुरावा कच्चा असला तरी भांडं मी बदलायला लावतेच. घरात स्टीलच्या वाट्यांची चळत असते आणि मांजराच्या वाट्याला नेमका श्रीखंडाचा रिकामा डबा का येतो, देव जाणे! उथळ ताटली द्यावी, रोज घासावी.

उपचारात मला सगळ्यात जास्त आवरावी लागतात ती माणसांची नखं. दाणा पिळला की तो आतल्या आत फुटतो, केस आणि तेल त्वचेत घुसतं, आणि साध्या काळ्या ठिपक्याचा पुवाळलेला फोड होतो. नुसते ठिपके असतील तर काही न करणंही चालतं. वाढले तर कोमट पाण्याच्या बोळ्याने हलकं शेकायचं, मग डॉक्टरांनी सांगितलेल्या पातळ क्लोरहेक्सिडीनने पुसून कोरडं करायचं. सूज, पू किंवा रक्त दिसलं तर दवाखाना गाठायचा. तिथे केस कापून मलम, कधी पोटातून प्रतिजैविक आणि वेदनाशामकही लागतं. खोबरेल-हळदीचा लेप नको, तेलावर आणखी तेल कशाला? टी ट्री तेल तर मांजराला विषारी. आपली पिंपल्सची क्रीमही नको. मांजर जे अंगाला लावाल ते चाटून पोटात घेतं.

“कायमचं जाईल ना?” हा प्रश्न ठरलेला. काहींचं जातं, काहींना जन्मभर अधूनमधून येतं. अशांची हनुवटी आठवड्यातून एक-दोनदा जेवणानंतर पुसावी. त्या दिवशी मांजर पलंगाखाली पळालं तर ओढून काढू नये. उद्या पुसलं तरी चालतं.